आतून गुळगुळीत

गावात त्याला सगळे आरसा मिस्त्री म्हणत. धंदा सुताराचा. त्याने रंधलेल्या फळीत बघून भांग पाडता येतो, असं कुठल्याशा गिऱ्हाइकाने म्हटलं आणि ते नाव त्याला असं चिकटलं, की पुढे टपालसुद्धा त्याच नावाने यायला लागलं. बायकोचं मत जरा निराळं होतं. ती म्हणायची, "लोकांना ह्यांच्या फळीत तोंड दिसतं आणि ह्यांना लोकांच्या फळीत फक्त खोड दिसते."

यात अतिशयोक्ती नव्हती. मिस्त्री कुणाच्या घरी गेला, की चहा येईपर्यंत त्याचा हात खुर्चीच्या दांड्याखालून फिरून आलेला असायचा. मग तो नुसता सुस्कारा सोडायचा. यजमानाला वाटायचं, पाहुण्याला चहा आवडला नाही.

त्याचा बापही सुतारच होता आणि बोलायला महाकंजूष. उभ्या आयुष्यात त्याने मुलाला एकच धडा दिला. काम संपलं असं वाटलं, की डोळे मिटायचे आणि लाकडावरून हात फिरवायचा. जिथे हात अडेल तिथे काम बाकी आहे. मिस्त्रीने हा धडा चाळीस वर्षं पाळला. कपाटाची पाठ फक्त भिंतीलाच दिसणार असते, पण तीही तो डोळे मिटून तपासायचा.

लाकूड यायचं ते गावाला लागून असलेल्या जंगलातून. ते जंगल कोरडं. वर्षातले सात-आठ महिने पाऊस नाही, उन्हाळ्यात झाडं पानं टाकून नुसती काटक्यांची उभी. अशा जंगलात मोठी झाडं उभ्या उभ्या वठतात आणि वठल्यावरही वर्षानुवर्षं पडत नाहीत. त्या काळी जंगल खात्याचं म्हणणं होतं, की मेलेलं झाड म्हणजे कचरा, वणव्याला खाऊ. ते काढा आणि जंगल स्वच्छ ठेवा. उभं वाळलेलं लाकूड सुताराला हवंच असतं. ते नंतर फुगत नाही, वाकत नाही. बाप-लेकांनी वीसेक वर्षं ती झाडं आणली आणि निम्म्या गावाला दारं केली. खोड कापताना कधीकधी मध्येच पोकळी लागायची, ढोली. मग बाप तोंड वाकडं करायचा, कारण तेवढं लाकूड फुकट गेलं. ढोलीत कोण राहत होतं, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हे मिस्त्रीलाही माहीत नव्हतं.

ते त्याला कळलं साठीच्या उंबरठ्यावर. जंगल खात्याच्या कचेरीत एक तरुण बाई आल्या. पाठीवर पिशवी, गळ्यात दुर्बीण, पायात बुटांचा धूळ खाल्लेला जोड. त्या दिवसभर झाडांकडे मान वर करून बघत फिरायच्या, म्हणून गावाने त्यांना पक्षीबाई करून टाकलं. एका सकाळी त्या मिस्त्रीच्या दुकानात येऊन भुशातच बसल्या.

"मिस्त्रीकाका, राखमान्या ओळखता?"

कोण नाही ओळखत? मोठा हिरवा पोपट, मानेभोवती राखेचं बोट ओढल्यासारखा पट्टा. लहानपणी संध्याकाळी थवेच्या थवे जायचे. अलीकडे दिसत नव्हते, पण अलीकडे मिस्त्रीने वर बघितलंही नव्हतं.

"चौतीस उरलेत," बाई म्हणाल्या. "सगळ्या जंगलात मिळून चौतीस. खायला आहे, पाणी आहे. पण अंडी घालायला ढोली नाही. वठलेली झाडंच राहिली नाहीत. आणि ह्यांना स्वतःला ढोली कोरता येत नाही."

"म्हणजे बिऱ्हाड थाटायला खोली नाही."

"असंच. खोल्या गावातल्या दारांमध्ये गेल्या."

बाई रागाने बोलल्या नव्हत्या, तरी मिस्त्रीला ते लागलं. त्याची नजर स्वतःच्या दुकानाच्या दाराकडे गेली. बाईंना लाकडाच्या पेट्या हव्या होत्या, आतून पोकळ, वरच्या अंगाला एक गोल भोक, झाडावर उंच टांगायच्या. ढोलीऐवजी ढोलीसारखं काहीतरी. मापं त्यांनी कागदावर लिहून आणली होती: भोक केवढं, आतली खोली केवढी, झाकण कसं. पक्षी जागा शोधायला लागायला तीनच आठवडे उरले होते.

मिस्त्रीने घाईघाईत सहा पेट्या ठोकल्या. करवतीखालून आलेल्या ओबडधोबड फळ्या, तशाच, रंधा न लावता. काही ठिकाणी तर सालही राहिली होती. त्या देताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी केल्यात म्हणून कुणाला सांगू नका," तो बाईंना म्हणाला.

पेट्या झाडावर चढवल्या वनरक्षकाने. तो इतका उंच होता, की गावाने त्याचं नाव शिडी ठेवलं होतं. सहापैकी दोन पेट्यांत जोड्या आल्या. उन्हाळा सरता सरता पाच पिल्लं भोकातून डोकी बाहेर काढून बसायला लागली, रस्त्यावरची गंमत बघत बसलेल्या आजोबांसारखी. एक-एक करत पाचही उडून गेली. शेवटचं उडालं तेव्हा मिस्त्री झाडाखाली होता. मुलगी परीक्षा पास झाली तेव्हा तो जेवढा हसला होता, तेवढा त्या दिवशी हसला.

आणि इथेच त्याच्यातला कारागीर जागा झाला. पाहुणे आले, राहिले, मुलंबाळं वाढवून गेले, आणि आपण त्यांना दिलं काय, तर खोकी. पुढच्या वर्षी नीट करू, असं त्याने ठरवलं. घरातली कामं मागे ठेवून त्याने आठ पेट्या केल्या. मुरलेलं लाकूड निवडलं. एक खिळा न वापरता सांधे बसवले. आतली बाजू रंध्याने तासली, मग पॉलिश पेपरने घासली, आधी जाड, मग बारीक. पिल्लांच्या अंगावर सुरुवातीला पीस नसतं, हे त्याने बाईंकडून ऐकलं होतं. उघड्या कातडीला लाकडाची बारीक, टोकदार कूस टोचू नये म्हणून तो एकेका पेटीत दोन-दोन दिवस हात घालून बसला. शेवटी डोळे मिटून हात फिरवला. कुठे अडला नाही.

जुन्या सहा पेट्या त्याने शिडीकडून उतरवून घेतल्या आणि बंबात घातल्या. बायकोने विचारलं, "चांगल्या चालल्या होत्या ना?" तो म्हणाला, "चालल्या होत्या, पण लाज वाटत होती."

बाईंनी नव्या पेट्या बघितल्या, मापं तपासली आणि झाकणावरून हात फिरवून म्हणाल्या, "काका, ह्यात मीच राहायला जाते." मिस्त्री दोन दिवस हवेत होता.

त्या वर्षी पाच जोड्या आल्या. लांब काठीला आरसा बांधून बाईंनी मोजली तेव्हा पिल्लं अकरा भरली. चाळीसही पक्षी नसलेल्या जंगलात अकरा पिल्लं. बाईंनी ते तीनदा मोजलं. मग त्यांची आई आजारी पडली आणि त्यांना घरी जावं लागलं. जाताना त्यांनी बजावलं, की आता पिल्लं उडेपर्यंत पेटीला कुणी हात लावायचा नाही, झाडाला शिडीसुद्धा टेकवायची नाही. घाबरून मोठे पक्षी सोडून जातात. नव्वद पावलांच्या आत यायचं नाही. शिडी आणि मिस्त्री, दोघांनी मान डोलावली आणि शब्द पाळला.

दुर्बिणीतून शिडी रोज बघायचा. मोठे पक्षी येत होते, आत जात होते, पंख मारून बाहेर पडत होते. आतून पिल्लांचा आवाज यायचा. दिवस भरत आले, पण या वेळी भोकातून एकही डोकं बाहेर आलं नाही. शिडी जरा चुळबुळला. "मिस्त्री, मागल्या वर्षी एव्हाना बाहेर डोकावत होती."

"अरे, मागल्या वर्षी खोकं होतं," मिस्त्री म्हणाला. "असं घर सोडून कोण निघेल?"

शिडी हसला. मिस्त्रीही हसला. हे वाक्य त्याला नंतर रोज आठवणार होतं.

मोठे पक्षी मग चारा भरवायचं सोडून बाहेरच्या फांदीवर बसून हाका मारायला लागले. चार दिवस हाका मारल्या. आतूनही उत्तर येत होतं, दर दिवशी थोडं कमी. मग दोन्ही आवाज थांबले. शिडीला वाटलं, पहाटे कधीतरी उडाली असतील. आठवडा जाऊ दिला आणि पेट्या साफ करायला दोघं निघाले. आपल्या पेट्या आपणच साफ करणार, असा मिस्त्रीचा हट्ट होता. शिडीने खालून दोर धरला आणि मिस्त्रीने वर जाऊन झाकण उघडलं.

तळाशी दोन पिल्लं होती. पिसं पूर्ण आलेली, पंख पूर्ण भरलेले, मानेवर राखेचा पट्टा नुकता उमटत असलेला. एकावर एक पडलेली, वाळलेली. आणि त्यांच्याभोवती चारही भिंतींना ओरखडे होते. तळापासून साधारण वीतभर उंचीपर्यंत, जिथवर मान ताणून नखं पोचली असतील तिथवर, शेकडो. त्याच्या वर लाकूड कोरं होतं आणि चकाकत होतं.

मिस्त्रीला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. मोठा पक्षी उडी मारून, पंख आपटून बाहेर पडतो. पिल्लाने पंख कधी उघडलेलेच नसतात, त्याला नखं रोवत भिंत चढावी लागते. ढोलीची भिंत खडबडीत असते. त्याच्या पहिल्या सहा पेट्यांचीही होती. ह्या पेटीत नख रोवायला जागाच नव्हती, कारण त्याने ती राहू दिली नव्हती.

"काय दिसतंय?" शिडीने खालून विचारलं.

"मेलीत," मिस्त्री म्हणाला.

पाचही पेट्यांत तेच होतं. अकराच्या अकरा. मिस्त्रीने पिल्लं फडक्यात बांधून खाली सोडली आणि पेट्या घासून ठेवतो म्हणून दुकानात आणल्या. निरोप मिळताच निघून पक्षीबाई तिसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी पिल्लं बघितली आणि झाडाखाली मटकन बसल्या. मग म्हणाल्या, "ऊन. त्या आठवड्यात ऊन फार होतं. पेट्या तापल्या असणार. माझीच चूक, मी उन्हाचा विचार करायला हवा होता."

मिस्त्री शेजारी उभा होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याने तोंड उघडलंही, पण बाई रडत होत्या, आणि त्याला ते निमित्त पुरलं.

चार दिवसांनी शिडी दुकानात आला तो पडलेल्या चेहऱ्याने. कचेरीत ठरत आलं होतं. ह्या जंगलात पेट्या चालत नाहीत, उन्हाने पिल्लं मरतात, असा कागद तयार झाला होता. उरलेले राखमान्ये जाळ्यात धरायचे आणि लांबच्या शहरात मोठ्या पिंजऱ्यांत नेऊन ठेवायचे. निदान वंश तरी राहील. परवा साहेब सही करणार होते.

"सगळे?" मिस्त्रीने विचारलं.

"सापडतील तेवढे सगळे."

त्या दुपारी बायको चहा घेऊन दुकानात आली तेव्हा रंधा खुंटीला होता आणि मिस्त्री मांडीवर एक फळी घेऊन बसला होता. पेटीची पुढची फळी, भोकाखालची. तिने चहा ठेवला, फळीवर बोट फिरवलं, आणि बोट खालच्या ओरखड्यांवर थांबलं. नवऱ्याच्या हातच्या लाकडावर तिचं बोट कधी अडलं नव्हतं.

"हे कशाने झालं?"

त्याने सांगितलं. पहिल्यापासून सगळं. ती ऐकत राहिली. चहावर साय धरली.

"मग जाऊन सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू? मी मारली म्हणून? गावात चाळीस वर्षं एका गोष्टीवर उभा आहे मी. त्याच गोष्टीने मारली असं सांगू?"

"अहो, अकरा तुम्हाला कळत नव्हतं तेव्हा गेली," ती म्हणाली. "परवा जी पाखरं जातील ती तुम्हाला कळत असताना जातील."

एवढं बोलून तिने थंड चहा उचलला आणि दुसरा करायला गेली. मिस्त्रीला तिचा राग आला. राग आला कारण तिच्या बोलण्यात त्याला एकही खोड काढता येईना.

सहीच्या दिवशी तो कचेरीत गेला. खोली लहान, टेबल मोठं, भिंतीवर जंगलाचा नकाशा आणि त्यावर टाचण्या. साहेब, पक्षीबाई, दाराशी शिडी. मिस्त्रीने काखेतली फळी टेबलावर ठेवली, ओरखड्यांचा भाग वर्तमानपत्राने झाकलेला.

"साहेब, एक विनंती आहे. डोळे मिटा आणि ह्याच्यावरून हात फिरवा."

साहेबांनी बाईंकडे बघितलं. म्हातारा माणूस आहे, करून टाकू, अशा चेहऱ्याने त्यांनी डोळे मिटले आणि हात फिरवला.

"कुठे अडतोय का?"

"छे. वा, मिस्त्री. आरसा आहे अगदी."

"त्याच्यामुळे मेली पिल्लं," मिस्त्री म्हणाला आणि त्याने वर्तमानपत्र काढलं.

साहेबांनी हात मागे घेतला. पक्षीबाई उठून टेबलाशी आल्या. त्या ओरखडे बघत राहिल्या, मग त्यांची नजर कोऱ्या भागाकडे गेली, मग पुन्हा खाली. मिस्त्रीने सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. पहिली सहा खोकी खरबरीत होती म्हणून पाच पिल्लं चढून बाहेर आली. नवी आतून घासली, म्हणून अकरा चढू शकली नाहीत. उन्हाचा काही संबंध नाही. हे त्याला झाकण उघडलं त्याच क्षणी कळलं होतं आणि तो आठ दिवस गप्प बसला.

"आठ दिवस?" बाई म्हणाल्या. "मी आठ दिवस झोपले नाहीये, काका."

"माहीत आहे."

"मला वाटत होतं, मी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग त्या फळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "मीही पेट्या बघितल्या होत्या. झाकणावरून हात फिरवून कौतुक केलं. आत हात घातला नाही."

त्या दिवशी त्यांनी मिस्त्रीला माफ केलं असं म्हणता येणार नाही. कचेरीतून निघताना त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत, आणि पुढचे दोन महिने पेट्यांचे निरोप शिडीमार्फत आले. पण साहेबांनी सही केली नाही. एक हंगाम देतो, म्हणाले, तीन पेट्या लावा. त्यांतून पिल्लं उडाली नाहीत तर पक्षी धरून न्यायचे, मग कुणाचं काही ऐकणार नाही.

तीन पेट्या करायला मिस्त्रीला आधीच्या आठ पेट्यांपेक्षा जास्त दिवस लागले. हाताला सवयच नव्हती. फळी खरबरीत ठेवायची म्हणून घ्यायची आणि मन कुठे भरकटलं, की हात आपोआप रंध्याकडे. शेवटी त्याने रंधा बायकोच्या ताब्यात दिला. मग पटाशीने आतून खाचा पाडल्या, पिल्लाला पाय रोवायला. बायकोने पेटीत डोकावून बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"आता काय झालं?"

"खाचासुद्धा एका ओळीत. गुण्या लावून पाडल्यात का?"

काटकोनाचा तो गुण्या त्याने खरंच लावला होता. त्याने त्या खाचा वाकसाने फोडल्या, ढलपे उडवले, जंगलातून जाड साल आणून आत ठोकली. पेटी आतून बघवत नव्हती. मग डोळे मिटून त्याने हात घातला, तळापासून भोकापर्यंत. बोटभर अंतर गेलं न गेलं, की हात अडे. तिन्ही पेट्या त्याने तशाच तपासल्या, आणि चौथ्यांदा पहिली पुन्हा तपासली.

त्या हंगामात दोनच जोड्या आल्या. बाकीच्यांनी पेट्यांकडे बघितलंही नाही, आणि मिस्त्रीला ते चूक वाटलं नाही. पिल्लं चार. बाई या वेळी कुठे गेल्या नाहीत. दिवस भरत आले तसे तिघं नव्वद पावलांवर रोज बसायला लागले. पानं गळलेल्या झाडांना सावली म्हणून नव्हती. सुरुवातीला बाई दुर्बीण शिडीला द्यायच्या, मिस्त्रीला नाही. एका सकाळी त्यांनी ती मिस्त्रीपुढे धरली.

त्याने डोळ्यांना लावली. भोक होतं, काळं, रिकामं. फांदीवर मोठा पक्षी हाका मारत होता, मागल्या वर्षासारख्याच. वारा अगदी पडलेला होता आणि आतून उत्तर येत होतं. आणि त्या उत्तराबरोबर आणखी एक आवाज येत होता, इतका बारीक, की सुतारालाच ओळखू यावा. लाकडावर नख लागल्याचा. लागायचा, थांबायचा, पुन्हा लागायचा, जरा वरून.

भोकाच्या काठावर एक नखी आली. मग दुसरी. मग एक बावळट, विस्कटलेलं डोकं बाहेर आलं आणि उन्हाकडे बघून डोळे मिचकावायला लागलं.

"आलं का?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रीने दुर्बीण त्यांना दिली.

चार दिवसांत चौघंही उडाली. शेवटचं धडपणे उडालं नाही, खालच्या झुडपात पडलं, आणि बापाने तासभर आरडाओरडा केल्यावर वर चढलं. साहेबांनी टाचण्यांच्या नकाशात चार नव्या टाचण्या टोचल्या. जाळी काही आली नाहीत.

आठवड्याने पेटी साफ करायला मिस्त्री वर चढला. शिडी खाली दोर धरून, बाई त्याच्या शेजारी. झाकण उघडण्याआधी त्याचा हात थांबला. मग त्याने झाकण सारलं आणि बघायच्या ऐवजी डोळे मिटून हात आत घातला. तळाशी पिसं होती, सुकी शीट होती, आणखी काही नव्हतं. भिंतीवरून हात वर आणताना तो पावलोपावली अडला, आणि भोकाजवळ सालीची एक कूस बोटात खोल घुसली.

ती त्याने तिथे काढली नाही. तसंच बोट घेऊन घरी आला. बायकोने त्याला दाराच्या उजेडात बसवलं, सुई आणली आणि त्याचा हात आपल्या गुडघ्यावर धरला.

"तुमच्या हातच्या लाकडाची कूस," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा बघतेय. दुखतंय का?"

"दुखतंय," मिस्त्री म्हणाला. "सावकाश काढ."